स्निग्धतेची लाज कशाला?

इंडोनेशियात रस्त्यावरच्या ज्यूसच्या गाडीवर ‘जुस अल्पुकात’ मागितला, की गाडीवाला आधी रिकाम्या ग्लासाच्या आतून चॉकलेटच्या घट्ट दुधाची धार गोल फिरवतो. मग त्यात साखर घालून मिक्सरमधून काढलेला अ‍ॅव्होकाडोचा गर ओततो. काचेला तपकिरी रेघा चिकटून राहतात आणि मधल्या फिकट हिरव्या दाट पेयाला नळीपेक्षा चमचाच बरा पडतो. तिथे हे कोणाला विचित्र वाटत नाही. ब्राझीलमध्ये अ‍ॅव्होकाडो दूध-साखरेबरोबर घुसळून पितात, नाहीतर लिंबू पिळून, साखर घालून वाटीतून खातात. फिलिपिन्समध्ये त्यावर कंडेन्स्ड मिल्क ओततात. व्हिएतनाममध्ये त्याच्या गरावर नारळाच्या आइस्क्रीमचा गोळा येतो. फार लांब कशाला, बंगळूरच्या ज्यूसच्या दुकानांत ‘बटर फ्रूट मिल्कशेक’ वर्षानुवर्षे मिळतो आहे आणि तो गोडच असतो.

मुंबई-पुण्याची या फळाशी ओळख मात्र वेगळ्या दाराने झाली. कॅफेतला टोस्ट, मेक्सिकन जेवणातले ग्वाकामोले, जिम लावलेल्यांचे सॅलड. मीठ, मिरपूड, लिंबू, मिरची ही त्याची इथली सोबत. त्यामुळे अ‍ॅव्होकाडोत चॉकलेट घातले आहे म्हटले, की समोरच्याचे नाक मुरडते. ‘व्हीगन आहे’ अशी पुढची माहिती दिली, की उरलासुरला उत्साहही जातो. दूध नाही, लोणी नाही, क्रीम नाही, अंडे नाही. मग त्यात खायचे काय, असा प्रश्न चेहऱ्यावर उमटतो.

या प्रश्नाला दोष देता येणार नाही. आपल्याकडे व्हीगन गोड पदार्थ म्हणून जे पुढे येते, ते बऱ्याचदा खरोखरच खाण्याजोगे नसते. कारण ते गोड पदार्थ म्हणून केलेलेच नसते, पथ्य म्हणून केलेले असते. साखर नको म्हणून दोनच खजूर, चॉकलेटात चरबी म्हणून त्याऐवजी चमचाभर कोको पावडर, मीठ तर नकोच. एवढी काटछाट केल्यावर वाटीत उरतो तो हिरवट चवीचा, तुरट, मऊ लगदा. तो एकदा खाल्लेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही आणि दोष फळाला देतो. खरा दोष भित्र्या हाताचा. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट हे दोन्ही मुळात स्निग्ध पदार्थ आहेत. त्यांच्यापासून केलेले गोड भरगच्च, दाट, जिभेवर रेंगाळणारे व्हावे यासाठीच त्यांना एकत्र आणायचे. तिथेच हात आखडला, तर मग ती जोडी जमवण्यात अर्थ नाही.

चांगल्या ‘हास’ वाणाच्या अ‍ॅव्होकाडोच्या १०० ग्रॅम गरात सुमारे १५ ग्रॅम चरबी असते. फळांच्या जगात हे प्रमाण अपवादात्मक आहे. आंब्यात किंवा केळ्यात ते अर्धा ग्रॅमही भरत नाही. ही चरबी मुख्यतः ओलेइक आम्लाची, म्हणजे ऑलिव्हच्या तेलात असते त्याच प्रकारची, आणि खोलीच्या तापमानाला पातळ राहणारी. गराच्या पेशींमध्ये ती बारीक थेंबांच्या रूपात विखुरलेली असते. फळ पुरते पिकून वाटले गेले, की हे थेंब गरातल्या पाण्यात मिसळून एक मुलायम मिश्रण तयार होते. ताज्या क्रीममध्येही पाण्यात विखुरलेले चरबीचे थेंबच असतात. म्हणून क्रीमची जागा अ‍ॅव्होकाडो घेऊ शकतो, यात जादू काही नाही.

चॉकलेटमधली चरबी उलट स्वभावाची. कोको बटर खोलीत टणक असते आणि शरीराच्या तापमानाच्या जरा खाली, ३२ ते ३४ अंश सेल्सियसला, वितळते. चॉकलेट बोटात धरले तर घट्ट आणि जिभेवर ठेवले तर पाणी, ते यामुळेच. आता या दोन चरब्या एका वाटीत आणा. अ‍ॅव्होकाडो मऊपणा देतो. चॉकलेट फ्रिजमध्ये आळून आकार देते आणि तोंडात गेल्यावर विरघळते. अंड्याचा फेस नाही, जिलेटिन नाही, कॉर्नफ्लोअर शिजवणे नाही. दोन वनस्पती एकमेकींचे उणे भरून काढतात. या दोन्ही मूळच्या अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातल्या. मेक्सिकोतल्या तेहुआकान खोऱ्यातल्या गुहांत सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचे अ‍ॅव्होकाडोचे अवशेष सापडले आहेत, तर आजच्या इक्वेडोरमध्ये कोको वापरल्याच्या खुणा ५ हजार ३०० वर्षे मागे जातात. चॉकलेटात दूध शिरले ते अगदी काल-परवा. स्वित्झर्लंडच्या व्हेव्हे गावात डॅनिएल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास दुधाचे चॉकलेट तयार केले. त्याआधीची हजारो वर्षे मध्य अमेरिकेत कोको दुधावाचूनच घेतला जात होता. ‘दुधाशिवाय चॉकलेट कसले’ असे म्हणणाऱ्याने एवढा इतिहास लक्षात घ्यावा.

पण इतिहासाने या जोडीचे मूस चांगले होत नाही, हाताने होते. आणि इथे तपशील महत्त्वाचे आहेत, कारण चुकायच्या जागा थोड्या असल्या तरी ठरलेल्या आहेत.

पहिली जागा फळ. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो. दुकानातून आणलेले दगडासारखे फळ केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवले, तर केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे दोन-चार दिवसांत तयार होते. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबावे. जरा दबले पाहिजे, पण खड्डा पडता कामा नये. देठाची टिकली काढून खाली हिरवे दिसले तर फळ चांगले, काळपट दिसले तर आत डाग असायची शक्यता. अर्धे कच्चे फळ कितीही वाटले तरी रवाळ राहते आणि त्याचा हिरवट वास कोणत्याही चॉकलेटाने झाकत नाही. घाई करून मायक्रोवेव्हमध्ये मऊ करण्याचा उद्योग तर मुळीच करू नये. तापवल्याने अ‍ॅव्होकाडो कडवट होतो.

दुसरी जागा वाटण. मिक्सरचे मोठे भांडे इथे कामाचे नाही. गर बाजूंना चिकटून बसतो आणि पाते रिकामेच फिरते. चटणीचे छोटे भांडे घ्यावे. त्याला लसणीचा वास असेल तर तो आधी नीट घालवावा, कारण चरबी वास चटकन धरून ठेवते. वाटून झालेला गर पुरणयंत्रातून काढला तर उरलेसुरले दोरे वर राहतात. श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढणाऱ्या घराला हे नव्याने सांगायला नको. मराठी जिभेला गोडाचा पोत कळतो. कणी लागलेले श्रीखंड आपण खपवून घेत नाही, मग गुठळ्यांचे मूस का खपवून घ्यावे?

तिसरी जागा, आणि सगळ्यात जास्त मूस बिघडते ते इथे, चॉकलेट मिसळण्याची. वितळलेल्या चॉकलेटात थोडेसे पाणी पडले तर ते एकदम घट्ट होऊन त्याचा गोळा होतो. अ‍ॅव्होकाडोच्या गरात सुमारे ७० टक्के पाणी असते. म्हणून वितळलेल्या चॉकलेटात चमचा-चमचा गर घालत गेले, की घात होतो. उलटे करावे. सगळा गर आधी भांड्यात घ्यावा आणि त्यात चॉकलेट एकदम ओतून लगेच फिरवावे. पाणी भरपूर असले की चॉकलेट आवळत नाही, सरळ मिसळते. दुसरे असे, की गर फ्रिजमधून काढलेला गार नसावा. गार गरावर कोमट चॉकलेट पडले, की कोको बटर तिथल्या तिथे गोठते आणि वाळूसारखे कण दातांखाली येतात. गर खोलीच्या तापमानाचा आणि चॉकलेट बोटाला कोमट लागेल इतपत, असा मेळ बसला पाहिजे.

प्रमाण असे धरता येईल: ३०० ग्रॅम गर, ७० टक्के कोको असलेले १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, दोन चमचे कोको पावडर, १०० ग्रॅम काकवी, अर्धी वाटी नारळाचे घट्ट पहिले दूध, चिमूटभरापेक्षा जरा जास्तच मीठ. सहा वाट्या होतात. काकवीचा आग्रह एवढ्यासाठी, की परदेशी पाककृती वाचून मेपल सिरप शोधत फिरणाऱ्यांच्या हाताशी कोल्हापूरची काकवी असते आणि ती इथे जास्त शोभते. ती पातळ असल्याने साखरेसारखी कणी राहत नाही. शिवाय तिच्यातला तो किंचित खारट, करपट गोडवा कडू चॉकलेटाच्या जातीचाच आहे. मीठ वगळू नये. अ‍ॅव्होकाडोची उरलीसुरली हिरवी चव मिठानेच मागे हटते. चमचाभर कडक कॉफीही तेच काम करते. वरून नागपुरी संत्र्याची किसलेली साल किंवा जायफळ. वेलदोडा मात्र जपून, तो चॉकलेटाला दाबून टाकतो.

हेच मिश्रण नारळाच्या दुधाशिवाय, जास्त चॉकलेट घालून केले तर फ्रिजमध्ये इतके आळते की त्याचे गोळे वळून कोकोत घोळवता येतात, म्हणजे ट्रफल. केकवर लावायचे फ्रॉस्टिंगही यातूनच. खजूर आणि भाजलेले काजू एकत्र कुटून थापलेल्या तळावर ओतले की टार्ट होतो, त्याला भट्टी लागत नाही. अ‍ॅव्होकाडो कापल्यावर काळा पडतो ही भीती इथे बाळगायचे कारण नाही, कारण चॉकलेटाच्या रंगाखाली ते दिसत नाही.

अ‍ॅव्होकाडोखेरीज वाटा नाहीत असे नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तिस यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले, की चॉकलेट आणि नुसते पाणी योग्य प्रमाणात गरम करून, बर्फावर ठेवून फेटले तरी क्रीमसारखा फेस येतो. दूध, अंडे काहीच नको. त्यानंतर २०१४ मध्ये फ्रान्समध्येच झोएल रोसेल यांनी शिजवलेल्या कडधान्याच्या पाण्याचा अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस होतो हे जगापुढे मांडले. आपण छोल्यांचे जे पाणी मोरीत ओततो, त्याचे मेरिंग होते. दोन्ही युक्त्या सुंदर आहेत आणि हौशी माणसाने करून पाहाव्यात. पण दोन्हींतून मिळतो तो हलका फेस. दाटपणा, जडपणा, चमच्याला चिकटून राहणारी स्निग्धता हवी असेल तर अ‍ॅव्होकाडोला तोड नाही.

आता त्या ‘गिल्ट-फ्री’ पाटीबद्दल बोलले पाहिजे. कॅफेच्या फळ्यावर आणि घरगुती बेकर्सच्या जाहिरातींत अ‍ॅव्होकाडो-चॉकलेट याच पाटीखाली विकले जाते: वजन वाढणार नाही, मन खाणार नाही, पोटभर खा. हिशेब साधा आहे. ३०० ग्रॅम गराच्या साधारण ४८० कॅलरी, १५० ग्रॅम डार्क चॉकलेटच्या ९०० च्या आसपास, काकवीच्या ३००, नारळाच्या दुधाच्या २००. सहा वाट्यांत वाटले तर प्रत्येक वाटीला तीनशेच्या वर. हे पोळीभाजीच्या छोट्या जेवणाएवढे झाले. अ‍ॅव्होकाडोत तंतू भरपूर असतात, त्याची चरबी लोण्यातल्या चरबीपेक्षा हृदयाला बरी, कोलेस्टेरॉल शून्य, हे सगळे खरे. तरीही तो गोड पदार्थ आहे, आणि काकवीतली साखरही मधुमेहाच्या रुग्णासाठी साखरच असते. आरोग्याच्या नावावर हे विकणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. त्याहून वाईट म्हणजे त्या पाटीला जागण्यासाठी कारागीर मग खरोखरच चॉकलेट आणि गोडी कमी करत जातो आणि पदार्थाची चव घालवून बसतो. वाटी लहान करावी, चव कमी करू नये.

दुधाविना गोड म्हणजे परदेशी खूळ, असे म्हणणाऱ्यांना तर कोकणात नेऊन बसवले पाहिजे. शिरवाळ्यांवर नारळाचे दूध आणि गुळाचा रस ओतून वाटी पुढे आली, की त्यात दूध-तूप कुठे आहे ते शोधून दाखवावे. हळदीच्या पानातल्या पातोळ्या, गौरीच्या नैवेद्याला घावनाबरोबरचे घाटले, नारळाच्या गुळमट दुधात बुडवलेल्या खापरोळ्या. गोव्यात चण्याची डाळ, साबुदाणा आणि नारळाच्या दुधाचे मणगणे, तासन्तास घोटून काढलेला काळाभोर दोदोल. वरून तुपाची धार सोडणारी घरे असतील, पण या पदार्थांचा कणा नारळ आहे. तिळगूळ आणि लोणावळ्याची चिक्कीही याच रांगेतली. ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये व्हीगन सोसायटी स्थापन केली, त्याच्या कितीतरी आधीपासून किनारपट्टीच्या बायका वनस्पतींच्या चरबीवर गोडाधोडाचा स्वयंपाक रांधत होत्या. त्यांनी तो कोणत्या वादासाठी रांधला नाही. दारात नारळ होता म्हणून रांधला. पण स्निग्धता फक्त गोठ्यातून येते हा समज त्या स्वयंपाकाने केव्हाच मोडून काढला आहे.

म्हणूनच अ‍ॅव्होकाडोने शिरवाळ्यांची किंवा मणगण्याची जागा घ्यावी असे कोणी म्हणत असेल, तर ते मान्य होण्याजोगे नाही. त्याची जागा दुसरी आहे. मूस, ट्रफल, चॉकलेट टार्ट, वाढदिवसाच्या केकवरचे फ्रॉस्टिंग हे पदार्थ आता मराठी घरांत रुळले आहेत आणि ते आजवर क्रीम, लोणी आणि अंड्यांवर उभे आहेत. ज्याला ते चालत नाही तो त्यांच्यापासून तुटतो. त्याच्यासाठी हा मार्ग आहे. आणि असे लोक कमी नाहीत. तत्त्व म्हणून व्हीगन झालेली तरुण मुले त्यात आहेत, दुधाची अ‍ॅलर्जी असलेली लहान मुले आहेत आणि ज्यांना दूध पचत नाही असे कितीतरी प्रौढ आहेत. वय वाढल्यावर दुधातली साखर पचवण्याची क्षमता कमी होणे ही आपल्या देशात अगदी सामान्य गोष्ट आहे. वाढदिवसाला केक कापला जात असताना ज्या मुलाच्या हातात वेफर्सचे पाकीट दिले जाते, त्या मुलाचा विचार केला तरी पुरे.

अशा मुलाच्या आईला सगळ्यात जास्त त्रास देते ते लेबल. पाकिटावरचा हिरवा ठिपका ‘शाकाहारी’ एवढेच सांगतो. त्यात दूध, तूप, मध सगळे बसते. केटररला ‘व्हीगन काही आहे का’ असे विचारले की ‘सगळे व्हेजच आहे’ हे उत्तर येते ते याच गोंधळातून. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम लागू केले आणि हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही अक्षर आणि त्यावर पान, असे चिन्ह ठरवून दिले. या नियमांत दूध, अंडी, मध, कीटकांपासून मिळणारे रंग असे सगळे वगळलेले आहे. चिन्ह चांगले आहे, पण किराणा दुकानाच्या फळीवर ते अजून शोधावे लागते. चॉकलेट घेताना तर डोळ्यांत तेल घालून मागची बाजू वाचावी. ‘डार्क’ लिहिलेल्या कितीतरी वड्यांत मिल्क सॉलिड्स किंवा बटर ऑइल असते.

आणि डार्क कंपाउंड. घरगुती बेकर्स ज्याच्या लाद्या आणतात तो कंपाउंड म्हणजे चॉकलेट नव्हे. त्यात कोको बटरऐवजी दुसरी, बहुधा पामच्या जातीची वनस्पती चरबी असते. तो स्वस्त आहे, उन्हाळ्यात वितळत नाही, टेंपरिंगची कटकट नाही, म्हणून धंद्यात त्याचे चालते. कधी कधी त्यात दूध नसतेही, म्हणजे नावाला तो व्हीगन ठरतो. पण अ‍ॅव्होकाडोच्या मूससाठी तो निरुपयोगी आहे. त्याची चरबी तोंडात तशी विरघळत नाही, टाळूला मेणासारखी चिकटते. सगळा खेळ ज्या कोको बटरवर उभा आहे, तेच काढून घेतल्यावर उरते काय? आपल्याकडच्या बेकर्सनी निदान या एका पदार्थापुरता कंपाउंड बाजूला ठेवावा आणि दर वाढवावा लागला तर वाढवावा.

दराचा विषय निघालाच आहे, तर माल कुठून येतो तेही पाहिले पाहिजे. ताटात प्राण्याचे काही नाही म्हणजे ताटामागे कोणाला त्रास नाही, असे धरून चालता येत नाही. जगात सर्वाधिक अ‍ॅव्होकाडो मेक्सिकोत पिकतो आणि त्यातला मोठा वाटा मिचोआकान राज्याचा. तिथे बागांसाठी पाइनची जंगले तोडली गेली आणि या ‘हिरव्या सोन्या’वर गुन्हेगारी टोळ्या खंडणी वसूल करतात. चिलीच्या पेतोर्का भागात अ‍ॅव्होकाडोच्या बागा हिरव्या राहिल्या आणि गावकऱ्यांना प्यायचे पाणी टँकरने आणावे लागले. दुष्काळी पट्ट्यातल्या उसाच्या मळ्यांचे अर्थकारण ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. कोकोची कथा तर याहून कठीण. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार तिथल्या कोको शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरी करत होती. करुणेपोटी दूध सोडणाऱ्याने ही करुणा कोकोच्या शेंगा फोडणाऱ्या मुलापर्यंत नेली नाही, तर ती अर्धवटच राहते.

सुदैवाने भारतीय स्वयंपाकघरापुढे दुसरा पर्याय खरोखर आहे. केरळमध्ये वायनाडच्या चुंडेल इथे १९६५ मध्ये कॅडबरीने कोकोची लागवड सुरू केली. आज केरळ, कर्नाटक, तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशात नारळ-सुपारीच्या सावलीत आंतरपीक म्हणून कोको वाढतो. सुपारी उत्पादकांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा पुत्तूरचा चॉकलेट कारखाना १९८६ पासून चालू आहे. सहकाराचे नाव काढले की ऊस आणि दुधापाशी थांबणाऱ्या महाराष्ट्राने या कारखान्याकडे जरूर पाहावे. गेल्या दहा-बारा वर्षांत ऑरोव्हिल, कोची, म्हैसूर, हैदराबाद इथे भारतीय कोकोपासून चॉकलेट करणारे छोटे कारखानदार उभे राहिले. त्यांच्या कितीतरी वड्यांत कोको, कोको बटर आणि साखर यापलीकडे काही नसते. २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या पार गेला, तेव्हापासून कोणतेच चांगले चॉकलेट स्वस्त राहिलेले नाही. मग तेवढेच पैसे मोजायचे तर ते कुणाच्या बागेतल्या मालासाठी मोजतो आहोत, हे तरी कळावे.

अ‍ॅव्होकाडोचेही तसेच. मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजारात जो खडबडीत काळसर सालीचा हास दिसतो, तो बहुतांशी आयात केलेला, टांझानियासारख्या देशांतून आलेला. कॅलिफोर्नियातले पोस्टमन रुडॉल्फ हास यांनी आपल्या अंगणातल्या एका झाडावरून १९३५ मध्ये या वाणाचे पेटंट घेतले आणि आज जगाचा बाजार त्यावर चालतो. पण कूर्ग, वायनाड आणि निलगिरीच्या कॉफीच्या मळ्यांत बटर फ्रूटची झाडे कितीतरी वर्षांपासून आहेत. त्यांची फळे मोठी, गुळगुळीत हिरव्या सालीची आणि पावसाळ्यात भरात येणारी. कूर्गमधल्या चेट्टळ्ळीच्या केंद्रीय बागायती प्रयोग केंद्राने तिथल्याच झाडांतून निवडलेले वाणही शेतकऱ्यांना दिले आहेत. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी आता लागवड करून पाहायला सुरुवात केली आहे.

या देशी फळाबद्दल एक तक्रार असते, ती खरी आहे: त्यात हासपेक्षा पाणी जास्त आणि चरबी कमी असते. हासचे प्रमाण जसेच्या तसे लावले तर मूस सैल पडते आणि बेकर म्हणतो, देशी फळ चालत नाही. चालते, फक्त प्रमाण बदलावे लागते. नारळाचे दूध पूर्ण वगळावे, चॉकलेट १५० ऐवजी २०० ग्रॅम घ्यावे आणि कोमट पाण्यात भिजवलेले मूठभर काजू गराबरोबर अगदी बारीक वाटावेत. काजूची चरबी फळातली उणीव भरून काढते. गर वाटण्याआधी तासभर पातळ फडक्यात बांधून चाळणीत ठेवला तर थोडे पाणी निथळूनही जाते. कूर्गचा बटर फ्रूट, वेंगुर्ल्याचा काजू, केरळ-कर्नाटकातला कोको आणि कोल्हापूरची काकवी एवढ्यावर तो पदार्थ पूर्ण होतो.

राहिला प्रश्न लग्नकार्यांचा आणि हॉटेलांचा, जिथे व्हीगन पाहुण्यापुढे आजही कापलेल्या फळांची बशी सरकवली जाते. मोठ्या जेवणावळीसाठी हे मूस खरे तर आइस्क्रीमपेक्षा सोयीचे आहे. आदल्या संध्याकाळी करून छोट्या वाट्यांत भरून ठेवले तर रात्रभरात नीट आळते. वरून झाकण घट्ट बसवले तर दुसऱ्या दिवशीच्या पंगतीपर्यंत रंग-चव जात नाही. वाढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढावे, म्हणजे कोको बटर सैल होऊन चमचा सहज रुततो. वाटी लहान असल्याने चाळीस-पन्नास पाहुण्यांसाठी अडीच किलो गर पुरतो. पाटीवर ‘व्हीगन’ हा शब्द बारीक अक्षरांत आणि ‘कूर्गच्या बटर फ्रूटचे चॉकलेट मूस’ ठळक अक्षरांत लिहावे. घटकांची यादीही तिथेच लावावी, काजूचा उल्लेख न विसरता. दूध न चालणाऱ्या पाहुण्याला आचाऱ्यापर्यंत जाऊन चौकशी करावी लागू नये, आणि ज्याला दूध चालते त्यानेही चवीखातर दुसरी वाटी उचलावी.